मुक्त कार्यप्रणाली : अडसर कोठे आहे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या आपल्या कार्यप्रणालीची नियमित देखभाल थांबविली. कार्यप्रणाली, म्हणजे रूढ भाषेत ऑपरेटिंग सिस्टीम, ही संगणकाची मूळ आज्ञावली. टंकलेखन, हिशेब, पत्रव्यवहार अशा सर्व कामांच्या आज्ञावली तिच्याच आधाराने चालतात. तिच्यात वेळोवेळी आढळणारी छिद्रे कंपनी बुजवीत राहते, तोवर संगणक सुरक्षित असतो. ही देखभाल थांबली म्हणून यंत्र दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. मात्र कडी न लावलेल्या दारासारखी त्याची स्थिती होते आणि बँकेचे, वेतनाचे वा विद्यार्थ्यांच्या गुणांचे काम अशा यंत्रावर करणे शहाणपणाचे राहत नाही.

पुढची ‘विंडोज ११’ ही आवृत्ती जुन्या ग्राहकाला वेगळे पैसे न मोजता घेता येते. पण तिच्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि साधारणपणे २०१८ नंतरचा प्रोसेसर यंत्रात असावा लागतो. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, आणि संस्थांना शुल्क भरून त्यापुढेही काही काळ, सुरक्षेची मुदतवाढ देऊ करण्यात आली. पण मुदतवाढ म्हणजे तोडगा नव्हे. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यात शाळांच्या प्रयोगशाळा, वाचनालये, पतपेढ्या, गृहनिर्माण संस्थांच्या कचेऱ्या आणि स्टेशनलगतची झेरॉक्स-टंकलेखनाची दुकाने या ठिकाणी संगणक आठ-दहा वर्षे वापरण्याची रीत आहे. चालू स्थितीतील यंत्र, केवळ आज्ञावलीच्या मालकाने ठरविले म्हणून, टाकून द्यावयाचे काय, असा प्रश्न या साऱ्यांपुढे उभा आहे. आणि त्याच्याच पोटात दुसरा, अधिक जुना प्रश्न आहे : व्यापारी कार्यप्रणालीची जागा घेण्यास मुक्त कार्यप्रणाली आता समर्थ झाली आहे काय?

क्षमतेचा प्रश्न

‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ प्रथम स्पष्ट केला पाहिजे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, ती फुकट वस्तू वाटण्यासाठी नव्हे. आज्ञावलीचा मूळ मजकूर वाचण्याचा, त्यात बदल करण्याचा आणि ती दुसऱ्यास देण्याचा हक्क वापरणाऱ्याला असावा, ही त्यांची भूमिका होती. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा गाभा तयार केला आणि या दोहोंच्या संयोगातून आज उबंटू, डेबियन, फेडोरा अशा नावांनी मिळणाऱ्या कार्यप्रणाली उभ्या राहिल्या. त्या बहुधा विनामूल्य मिळतात. पण विनामूल्य असणे हा त्यांचा परिणाम आहे, हेतू नव्हे.

निव्वळ तांत्रिक कस लावावयाचा तर हा वाद केव्हाच संपला आहे. जगातील सर्वाधिक वेगवान अशा पाचशे महासंगणकांची जी यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते, तिच्यातील यच्चयावत यंत्रे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आली आहेत. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच गाभ्यावर उभा आहे. मोबाइलवरून लोकलचे तिकीट काढणारा डोंबिवलीकर मुक्त आज्ञावलीच्या पायावर उभे असलेले यंत्र रोज वापरतो. त्याचे नाव मात्र त्याला ठाऊक नसते.

राहिला प्रश्न टेबलावरच्या संगणकाचा. शिक्षकाचे नित्याचे काम पाहा : प्रश्नपत्रिका, गुणपत्रक, ‘शालार्थ’मधील वेतनदेयक, ‘यू-डायस प्लस’ची माहिती. शासकीय लिपिकासाठी ‘सेवार्थ’ आहे. यांपैकी पहिली दोन कामे लिबरऑफिससारख्या मुक्त आज्ञावलीत होतात आणि उरलेली ब्राउझरमधून होतात. ब्राउझरला खाली विंडोज आहे की लिनक्स, याच्याशी फारसे कर्तव्य नसते. तेव्हा शाळा, वाचनालय आणि सामान्य कचेरी यांच्या बहुतेक गरजा मुक्त कार्यप्रणाली आज भागवू शकते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

अपवाद आहेत आणि ते लपविण्यात अर्थ नाही. लग्नपत्रिका व फ्लेक्स छापणाऱ्याचा धंदा कोरलड्रॉवर चालतो, वास्तुरचनाकाराचा ऑटोकॅडवर, आणि कल्याणच्या बाजारपेठेतील हिशेबनीस टॅलीवाचून पाऊल टाकत नाही. या आज्ञावली विंडोज गृहीत धरून विकल्या जातात. त्यांना पर्याय आहेत. परंतु ज्याचे गिऱ्हाईक उद्या सकाळी दारात उभे राहणार आहे, त्याला ‘पर्याय शिकून घ्या’ असे सांगणे हा उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार होईल.

फुकटाशी फुकटाची स्पर्धा

मग इतके सामर्थ्य असूनही मुक्त कार्यप्रणाली आपल्याकडे घरोघरी का पोचली नाही? अर्थशास्त्राचा पहिला धडा सांगतो की, गुणाने सारख्या अशा दोन वस्तूंपैकी एक विनामूल्य असेल तर मागणी तिकडे वळावी. इथे तसे घडले नाही, कारण आपल्या बाजारात दुसरी वस्तूही विनामूल्यच मिळत होती. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला संगणक घरी आला, की जोडणारा त्यात विंडोज ‘टाकून’ देत असे. तिची किंमत पावतीवर नसे आणि परवाना तर नसेच. आज्ञावली उत्पादकांच्या ‘बीएसए’ या संघटनेच्या पाहणीनुसार २०१७ मध्येही भारतात वैयक्तिक संगणकांवरील ५६ टक्के आज्ञावली विनापरवाना होत्या. हा आकडा हितसंबंधी संघटनेचा आहे हे ध्यानात घेऊन त्यात काही सूट दिली, तरी चित्र पालटत नाही.

म्हणजे मुक्त कार्यप्रणालीचा आपल्याकडील प्रतिस्पर्धी विकत घेतलेली विंडोज हा नव्हता. चोरलेली विंडोज हा होता. किमतीचा जो लाभ तिला जर्मनीत वा अमेरिकेत मिळाला असता, तो डोंबिवलीत शून्य ठरला. आणि चोरीमुळे मालकाचे नुकसानच होते असेही नाही. १९९८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात बोलताना खुद्द बिल गेट्स यांनी चीनसंबंधी अशा आशयाचे उद्गार काढले होते की, लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचीच आज्ञावली चोरावी. सवय जडली की वसुलीची वाट पुढे शोधता येईल. या स्पष्टोक्तीत एक आर्थिक सत्य दडलेले आहे. संगणकाच्या बाजारात वस्तूपेक्षा सवय महाग असते.

सवय कोणी लावली?

ही सवय बाजाराने लावली, हे अर्धेच खरे. उरलेला अर्धा भाग आपल्या सार्वजनिक निर्णयांचा आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला. शासकीय नोकरीतील संगणक-अर्हता म्हणून त्याला मान्यता मिळाली आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या गल्लोगल्ली त्याचे वर्ग निघाले. लक्षावधी मराठी तरुणांना या अभ्यासक्रमाने संगणकाची पहिली ओळख करून दिली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु ही ओळख मुख्यत्वे विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांच्या द्वारे झाली. विद्यार्थी संगणक शिकला, की एका कंपनीच्या वस्तूतील बटणांच्या जागा शिकला, हा भेद कोणी केला नाही. नोकरी देणाऱ्याने तेच मागितले, कारण येणाऱ्याला तेच येत होते. येणाऱ्याने तेच शिकले, कारण नोकरी देणारा तेच मागत होता. टंकलेखन यंत्रावरील अक्षरांची जी मांडणी एकदा रूढ झाली ती आजतागायत का टिकली, याचा शोध अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये एका गाजलेल्या निबंधात घेतला होता. आधी रुजलेली पद्धत, तीच सर्वोत्तम म्हणून नव्हे तर ती आधी रुजली म्हणून, टिकून राहते, हा त्यांचा निष्कर्ष येथेही लागू पडतो.

विसंगती अशी की, याच राज्याच्या अकरावीच्या वाणिज्य शाखेतील माहिती तंत्रज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ‘ग्नू-खाता’ या मुक्त हिशेब-आज्ञावलीचा समावेश झाला. विद्यार्थी वर्गात ती शिकतो आणि पदवी हाती घेऊन बाहेर पडला की ‘टॅली येते का?’ या प्रश्नाला सामोरा जातो. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे तयार करण्यासाठी शासनानेच पुरविलेले ऑफलाइन साधन घ्या. ते विंडोज आणि एक्सेल यांच्यासाठी बनविले गेले. लिनक्सवर ते चालत नाही, असे त्याच्या सूचनांतच नमूद केलेले होते. एका हाताने मुक्त आज्ञावली पाठ्यपुस्तकात घालावयाची आणि दुसऱ्या हाताने करभरणीची वाट एका कंपनीच्या अंगणातून काढावयाची, अशी ही तऱ्हा आहे.

मराठीने मोजलेली किंमत

एका कंपनीवर विसंबण्याची किंमत काय असते, हे मराठी लेखक-वाचकांना वेगळे सांगावयास नको. युनिकोड ही जागतिक अक्षर-संकेतप्रणाली रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी, कृतिदेव अशा नाना प्रणालींत टंकलिखित होत असे. प्रत्येकीचे संकेत निराळे. एका दुकानात तयार केलेली पत्रिका दुसऱ्या दुकानात उघडली, की ‘महाराष्ट्र’ या शब्दाच्या जागी चित्रविचित्र खुणांची रांग उमटे. कचेऱ्यांतील आदेश, संस्थांची इतिवृत्ते, मासिकांचे अंक, कित्येकांचे प्रबंध आजही अशा जुन्या संकेतांत अडकून पडले आहेत. मजकूर आपला, पण तो वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, अशी ही स्थिती होती.

या कोंडीतून मराठी बाहेर आली ती खुल्या मानकांमुळे. इन्स्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी १९९१ मध्ये भारतीय मानकात समाविष्ट झाली. युनिकोडने सर्व भारतीय लिप्यांना सामायिक पाया दिला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले ‘लोहित’ टंक रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याने सर्वांना खुले केले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा टंकही कोणीही वापरू शकतो. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांतील मराठीचा खास अर्धा रकार आज मुक्त कार्यप्रणालीत विनासायास उमटतो. इन्स्क्रिप्ट तर तिच्यात अंगभूतच असते. अडचण उरते ती रेमिंग्टन पद्धतीवर हात बसलेल्या जुन्या लिपिकांची. त्यांच्यासाठीही मांडणी उपलब्ध आहे. पण ती सुरू करून देणारा आणि दोन दिवस शेजारी बसणारा माणूस मात्र हवा असतो. हा शेजारी बसणारा माणूस हीच या प्रश्नातील खरी दुर्मिळ वस्तू आहे.

दोन उदाहरणे

केरळ राज्याने ती दुर्मिळ वस्तू निर्माण केली. तेथे शाळांसाठी ‘आयटी अॅट स्कूल’ हा प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याचाही पाया विंडोज हाच होता. एका कंपनीच्या उत्पादनाभोवती पाठ्यपुस्तक रचण्यास शिक्षकांच्या संघटनांनीच हरकत घेतली. टप्प्याटप्प्याने शिक्षकांचे प्रशिक्षण झाले, मल्याळम भाषेतील पुस्तके आली आणि त्या दशकाच्या अखेरीस दहावीची माहिती तंत्रज्ञानाची परीक्षा मुक्त कार्यप्रणालीवर होऊ लागली. २०१७ मध्ये या कामासाठी ‘काइट’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि शाळांसाठी कार्यप्रणालीची स्वतंत्र आवृत्ती ती पुरवीत आली आहे. केरळने आधी परीक्षा बदलली, शिक्षक तयार केला. संगणक त्यामागून आपोआप बदलला.

दुसरे उदाहरण जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेचे. तिने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला आणि २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले. पण बाहेरच्या कचेऱ्यांकडून येणारी कागदपत्रे विंडोजचीच, काही आज्ञावली विंडोजवरच चालणाऱ्या आणि कर्मचाऱ्यांच्या तक्रारी सुरू. राजकीय नेतृत्व पालटले आणि २०१७ मध्ये नगरपालिकेने विंडोजकडे परतण्याचे ठरविले. एकटे बेट कितीही हिरवेगार असले, तरी भोवतीच्या समुद्राशी त्याला व्यवहार करावाच लागतो, हा म्युनिकचा धडा. तो उत्साही मंडळींनी विसरू नये.

आपल्या परिसरातही एक लहानसा प्रयोग झाला आहे. कर्जत तालुक्यातील खैरात धनगरवाड्याच्या शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेतील छोटे हिरवे-पांढरे संगणक मुलांच्या हाती देण्यात आले. त्यांत लिनक्सच होते. मुलांना ते हाताळण्यास काही अवघड गेले नाही, कारण त्यांना आधीची सवय मोडावयाची नव्हती. योजना देशभर पसरली नाही. तिच्यामागे शासनाची व्यवस्था उभी राहिली नव्हती.

केवळ पैशाचा प्रश्न नव्हे

जुलै २०२५ मध्ये घडलेली एक घटना या संदर्भात बोलकी आहे. युरोपीय संघाने रशियाशी संबंधित निर्बंध लादताच, गुजरातेत तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या भारतीय कंपनीच्या ई-मेल आदी सेवा मायक्रोसॉफ्टने थांबविल्या. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. भारतीय कायद्याने कोणताही गुन्हा न केलेल्या कंपनीची पत्रपेटी परदेशातील निर्णयाने बंद होऊ शकते, हे त्या आठवड्यात सर्वांना कळले.

त्यानंतर स्वदेशी आज्ञावलींचा जयघोष सुरू झाला आणि केंद्र शासनाच्या कचेऱ्या झोहो या भारतीय कंपनीच्या सेवांकडे वळू लागल्या. हे पाऊल स्वागतार्ह असेल. पण स्वदेशी आणि मुक्त या दोन गोष्टी एक नव्हेत. मालक परदेशी होता तो देशी झाला, म्हणून किल्ली आपल्या हाती आली असे होत नाही. सी-डॅकची ‘बॉस’ ही कार्यप्रणाली किंवा संरक्षण खात्याने २०२३ मध्ये स्वीकारलेली ‘माया’ यांचे महत्त्व एवढ्यासाठी की, त्या लिनक्सच्या पायावर उभ्या आहेत आणि उद्या त्यांचा कर्ता बदलला तरी काम थांबणार नाही.

करावयाचे काय?

यासाठी नव्या धोरणाची गरज नाही. केंद्र शासनाने २०१० मध्ये खुल्या मानकांचे आणि २०१५ मध्ये मुक्त आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केलेले आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीच्या शिस्तीची. शासन जे काम नागरिकावर सक्तीचे करते, ते कोणत्याही कार्यप्रणालीवर करता आले पाहिजे, हा पहिला नियम असावा. कर भरणे, निविदा भरणे, डिजिटल स्वाक्षरी करणे यांसाठी विशिष्ट कंपनीचे गिऱ्हाईक होण्याची अट असू नये. दुसरे असे की, परीक्षांचे अभ्यासक्रम कौशल्याच्या नावाने लिहावेत, वस्तूच्या नावाने नव्हे. ‘तक्ता तयार करणे’ हे कौशल्य आहे. ‘एक्सेल’ हे दुकानाचे नाव आहे. विद्यार्थ्याने ते कोणत्या साधनावर दाखवावे, याची निवड त्याला असावी.

तिसरी गोष्ट आपल्या गावची. समजा, एका शाळेत वीस जुने संगणक आहेत. नवे घ्यावयाचे तर प्रत्येकी पस्तीस हजार धरून सात लाख रुपये लागतील. त्याच यंत्रांची स्मृती वाढवून, जुनी तबकडी बदलून मुक्त कार्यप्रणाली बसविली आणि प्रत्येकी पाच हजार खर्च धरला, तर एक लाख लागतील. वाचलेल्या सहा लाखांपैकी एक लाख रुपये दरवर्षी स्थानिक तरुणाला देखभालीसाठी दिले, तरी सहा वर्षे निघतात. परवान्याचे वा नव्या यंत्राचे पैसे गावाबाहेर जातात. देखभालीचे पैसे डोंबिवलीच्याच तरुणाच्या घरात जातात आणि त्याबरोबर कौशल्यही गावात राहते. प्रशिक्षणाची सामग्रीही दूर नाही. पवईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स आणि लिबरऑफिस यांचे पाठ मराठीतून तयार करून ठेवले आहेत.

कल्याण-डोंबिवली महापालिकेने या शतकाच्या आरंभी नागरी सुविधा केंद्रातून संगणकीय सेवा सुरू केल्या, तेव्हा तोही धाडसाचाच प्रयोग होता. पुढे राज्यातील इतर पालिकांनी तोच नमुना गिरविला. या पट्ट्यातील महापालिकांनी आणि शिक्षणसंस्थांनी प्रत्येकी काही शाळांची एकेक प्रयोगशाळा निवडून, शिक्षकांना आधी तयार करून, तीन वर्षांचा असा प्रयोग हाती घेतल्यास त्याचे यशापयश सर्वांना पाहता येईल. हिशेबाचे, छपाईचे, आराखड्यांचे काम करणाऱ्यांनी घाईने आपले साधन टाकण्याचे कारण नाही. घाईची गरज आहे ती शाळांत, कारण तेथे सवयी अद्याप जडावयाच्या आहेत.

मुक्त कार्यप्रणाली समर्थ आहे काय, या प्रश्नाचे उत्तर यंत्रापुरते होकारार्थी आहे. अडसर परीक्षांच्या नियमांत, शासकीय साधनांच्या रचनेत आणि शेजारी बसून शिकविणाऱ्या माणसाच्या अभावात आहे. हे तीनही अडसर आपणच घातलेले असल्यामुळे ते दूर करण्यासाठी कोणत्याही कंपनीच्या परवानगीची आवश्यकता नाही.